परीक्षकहो, गुणांची बेरीज थांबवा

मराठीतल्या साहित्य पुरस्कारांच्या सर्व परीक्षक-मंडळांना,

सप्रेम नमस्कार.

पुरस्कार शासनाचा असो, एखाद्या जुन्या संस्थेचा असो, नाहीतर दिवंगत लेखकाच्या कुटुंबाने त्याच्या स्मृतीसाठी ठेवलेला असो, तुमचे काम सारखेच असते. पुस्तकांचे गठ्ठे घरी येतात, मुदत अपुरी असते, मानधन नावापुरते असते आणि निकाल लागला की टीका तुमच्यावरच होते. हे सारे मी जाणतो. पुस्तकांवरच्या प्रेमापोटीच तुम्ही हे काम पत्करता, यावर माझा विश्वास आहे. म्हणूनच तुमच्याकडे एक मागणी करतो आहे. तिच्यासाठी आधार घेतो आहे तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक ग्रंथाचा.

लाँजायनस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखकाचा, साहित्यातल्या उदात्ततेवरचा तो ग्रंथ तुम्हाला नवा नाही. साहित्य हा विषय घेऊन एम.ए. केलेल्या बहुतेकांनी 'लाँजायनसची उदात्ततेची संकल्पना स्पष्ट करा' या प्रश्नाचे उत्तर कधी ना कधी लिहिलेले असते. थोर विचार, उत्कट भावना, अलंकारांची योजना, भारदस्त शब्दकळा आणि वाक्यांची डौलदार बांधणी हे पाच स्रोत. त्यातले पहिले दोन जन्मजात, उरलेले तीन अभ्यासाने साध्य होणारे. एवढे लिहिले की गुण मिळत आणि ग्रंथ मिटत असे. पण या ग्रंथाची तेहेतीस ते छत्तीस ही प्रकरणे तुम्ही परीक्षक म्हणून पुन्हा वाचावीत. ती थेट तुमच्याशी बोलतात.

तेहेतिसाव्या प्रकरणात लेखक सरळ प्रश्न टाकतो. काही ठिकाणी चुकलेले मोठेपण श्रेष्ठ, की कुठेही न चुकणारे, नीटनेटके, मध्यम यश? आणि पहिला मान कुणाला द्यायचा, ज्याच्याकडे गुण संख्येने जास्त आहेत त्याला, की ज्याचे गुण उंचीने मोठे आहेत त्याला? उदात्ततेचा विचार करायचा तर या प्रश्नांचा निवाडा करावाच लागेल, असे तो म्हणतो. आणि मग तो करतो. त्याची भूमिका अशी की अतिशय मोठ्या प्रतिभा सहसा निर्दोष नसतात. सगळीकडे काटेकोर राहायचे ठरवले की क्षुद्रपणाचा धोका येतो. मध्यम वकुबाचा माणूस चुकत नाही, कारण तो कधी जोखीमच घेत नाही, शिखराकडे कधी झेपावतच नाही. मोठ्याला मात्र त्याचे मोठेपणच पाय घसरण्याच्या जागी नेते. होमरच्या चुका आपण स्वतः गोळा केल्या आहेत, त्या आपल्याला आवडतही नाहीत, हे तो लपवत नाही. पण त्या चुकांना तो नजरचूक म्हणतो. मोठ्या वेगाच्या ओघात त्या इकडेतिकडे घडून गेल्या, एवढेच.

त्यानंतर तो नावे घेतो. ऱ्होड्सच्या अपोलोनिअसच्या महाकाव्यात पाऊल घसरलेले दिसत नाही. म्हणून तुम्ही होमर होण्याऐवजी अपोलोनिअस व्हाल का? एराटोस्थेनीसची 'एरिगोनी' ही छोटी कविता निष्कलंक आहे. म्हणून तो आर्किलोकसपेक्षा मोठा कवी ठरतो का? बॅकिलिडीस आणि कायोसचा आयन हे दोघे न चुकणारे, सुबक लिहिणारे. पिंडार हा कवी आणि सोफोक्लीस हा नाटककार मात्र कधी सारे पेटवून देतात आणि कधी अचानक विझून दाणकन खाली येतात. पण शुद्धीवर असलेला कुठला माणूस आयनची सगळी नाटके एकत्र करून ती सोफोक्लीसच्या 'ईडिपस' या एका नाटकाच्या बरोबरीला ठेवील?

हे नाटक त्याने उदाहरणाला घ्यावे, याला तुमच्या दृष्टीने आणखी एक अर्थ आहे. अथेन्समध्ये नाटके स्पर्धेसाठीच होत आणि परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडले जात. त्यांची दहा मते घेतली जात, पण त्यातली मोजकीच बाहेर काढून निकाल लावला जाई, म्हणजे कुणाला संगनमत करता येऊ नये. पारदर्शकतेची इतकी काळजी घेणाऱ्या त्या व्यवस्थेत 'ईडिपस' सादर करणाऱ्या सोफोक्लीसला पहिले बक्षीस मिळाले नाही, अशी प्राचीन नोंद आहे. ते फिलोक्लीसला मिळाले. हा फिलोक्लीस नाटककार इस्किलसचा भाचा. त्याची नाटके आज आपल्याकडे नाहीत. सोफोक्लीसच्या त्या वर्षीच्या इतर नाटकांमुळे निकाल असा लागला असेल, फिलोक्लीसचे नाटक खरोखर सुंदर असेल. ते कळायला आता मार्ग नाही. कुणी लबाडी केली असे मी म्हणत नाही. कडेकोट प्रामाणिक पद्धतीच्या हातूनही 'ईडिपस' निसटू शकतो, एवढेच मला दाखवायचे आहे.

आता तुमच्या पद्धतीकडे येतो. एका पुरस्कारासाठी प्राथमिक वाचन करण्याचे काम माझ्याकडे आले होते. पुस्तकांसोबत एक छापील तक्ता होता. आशय, भाषा, रचना, व्यक्तिचित्रण, सामाजिक भान, नावीन्य, निर्मितीमूल्य असे रकाने आणि शेवटी बेरजेची चौकट. असे तक्ते आता अनेक ठिकाणी वापरतात. त्यामागचा हेतू चांगला आहे: वशिल्याचा आरोप नको, निकालाला काही आधार हवा, उद्या कुणी विचारले तर दाखवायला कागद हवा. पण हा तक्ता भरताना माझ्या लक्षात आले की लाँजायनसच्या चौतिसाव्या प्रकरणात याच तक्त्याचा निकाल लावून ठेवलेला आहे.

तिथे तो डेमोस्थेनीस आणि हायपरिडीस या दोन अथेनियन वक्त्यांना समोरासमोर उभे करतो. दोघे एकाच काळातले, दोघांचाही अंत इसवी सनापूर्वी 322 मध्ये झाला. लाँजायनस म्हणतो, गुण मोजायचे ठरवले तर हायपरिडीस सरळ पुढे जाईल. त्याच्या आवाजात विविधता आहे. साधे बोलायचे तिथे तो साधे बोलतो. त्याच्याकडे विनोद आहे, खोचकपणा आहे, गोडवा आहे, करुणा जागवण्याची हातोटी आहे, गोष्ट सांगण्याचा सैलपणा आहे. पाच खेळांच्या स्पर्धेतल्या खेळाडूसारखा तो आहे: धावणे, उडी, थाळी, भाला, कुस्ती, प्रत्येक खेळात त्या त्या खेळातल्या वस्तादाच्या मागे, पण बाकी सर्वांच्या पुढे. डेमोस्थेनीसपाशी यातले बरेच काही नाही. त्याला विनोद जमत नाही. हसवायला गेला तर स्वतःचेच हसे करून घेतो. तरीही हायपरिडीसचे ते सगळे गुण ऐकणाऱ्याला स्वस्थ बसू देतात, त्याला वाचताना कुणाला भीती वाटत नाही. डेमोस्थेनीस बोलू लागला की काय होते? लाँजायनस म्हणतो, कोसळत्या विजेसमोर डोळे उघडे ठेवणे एक वेळ सोपे, पण एकामागून एक येणाऱ्या त्याच्या भावनांच्या लोटाकडे न डगमगता पाहणे अवघड.

परीक्षकहो, रकान्यांची बेरीज केली की दर वेळी हायपरिडीसच जिंकतो. गणिताने दुसरे काही होऊच शकत नाही. सात रकान्यांत प्रत्येकी सात गुण मिळवणारे पुस्तक एकोणपन्नासला पोहोचते. एका रकान्यात दहापैकी दहाही अपुरे पडावेत आणि उरलेल्या सहांत चार-पाचच द्यावे लागावेत असे पुस्तक फार तर चाळीसपर्यंतच पोहोचते. त्या एका रकान्यात जे घडले ते मोजायला तक्त्यात जागाच नसते. मग तीन परीक्षकांच्या बेरजांची सरासरी निघते आणि एका परीक्षकाला हलवून सोडणारे, दुसऱ्याला चीड आणणारे पुस्तक यादीतून गळते. उरते ते कुणाचीच हरकत नसलेले पुस्तक. गेली अनेक वर्षे पुरस्कारप्राप्त पुस्तके मी आवर्जून विकत घेऊन वाचतो. त्यांतली बरीचशी चांगली असतात. नीट संपादित, नीट बेतलेली, योग्य त्या विषयावरची. पण वाचून खाली ठेवल्यावर आपल्यात काही बदलले आहे असे फार थोड्यांच्या बाबतीत वाटते.

उदात्ततेची खूण लाँजायनस नेमकी तिथेच सांगतो. मोठे लेखन श्रोत्याला पटवत बसत नाही, ते त्याला स्वतःबाहेर नेते. पटणे न पटणे आपल्या हातात असते. हे आपल्या हातात राहत नाही. मन उंचावते, अभिमानाने भरून येते, जणू जे ऐकले ते आपणच निर्माण केले आहे असे वाटते. पस्तिसाव्या प्रकरणात तो याचे कारण माणसाच्या घडणीत शोधतो. निसर्गाने आपल्याला क्षुद्र प्राणी म्हणून जन्माला घातलेले नाही. एखाद्या महोत्सवाला बोलवावे तसे त्याने आपल्याला या विश्वात बोलावले, त्याचे प्रेक्षक म्हणून आणि ईर्ष्येने उतरलेले स्पर्धक म्हणूनही. आणि आपल्यापेक्षा जे जे मोठे, जे जे दिव्य, त्याची अनावर ओढ आपल्या आत पेरून ठेवली. म्हणून लहान ओढे स्वच्छ आणि उपयोगी असले तरी आपण थक्क होतो ते नाईल, डॅन्यूब, ऱ्हाईन पाहून आणि सर्वांत जास्त महासागर पाहून. चुलीतला विस्तव आपण कामाला लावतो, पण डोळे विस्फारतात ते एटना ज्वालामुखीच्या मुखातून खडक उसळताना पाहून. निर्दोष माणसाला दोष देता येत नाही, एवढेच त्याच्या पदरी पडते; आदर वाटतो तो मोठेपणाचा.

यावर तुम्ही म्हणाल की मग ढिसाळ लिहिणाऱ्यांचे फावेल. व्याकरण नाही, संपादन नाही, सहाशे पाने आहेत, आणि लेखक म्हणणार, माझे पुस्तक उदात्त आहे! ही भीती खरी आहे. पण लाँजायनसइतका कडक चौकीदार दुसरा नाही. ग्रंथाच्या सुरुवातीलाच, तिसऱ्या ते पाचव्या प्रकरणात, तो खोट्या उंचीचे प्रकार एकेक करून बाहेर काढतो: फुगवटा, पोरकट नटवेपणा, थंडपणा आणि जिथे भावनेचे कारणच नाही तिथे उसना उमाळा. गिधाडांना 'जिवंत थडगी' म्हणणाऱ्या गॉर्जिअस या वक्त्याची तो गय करत नाही. फुगलेल्या लेखनाबद्दल तो एक म्हणच सांगतो: जलोदर झालेल्या माणसाइतके कोरडे काही नाही. आणि या सगळ्या व्यंगांचे मूळ तो एकाच गोष्टीत पाहतो, काहीही करून नवे वाटण्याच्या हव्यासात. तुमच्या तक्त्यातला 'नावीन्य' हा रकाना या प्रकरणाच्या उजेडात एकदा पाहावा.

आकाराचा तर उंचीशी संबंधच नाही. त्याने दिलेल्या उदाहरणांत एक कविता ग्रीक कवयित्री सॅफोची आहे, ती फार तर कागदाचे एक पान भरेल. प्रिय व्यक्ती दुसऱ्या कुणाशी हसून बोलते आहे हे पाहताना बोलणारीची जीभ अडखळते, त्वचेखाली आग धावते, डोळ्यांपुढे अंधारी येते, कानांत गुणगुण होते, घाम फुटतो, ती गवताहून फिकी पडते. लाँजायनस दाखवतो की या अवस्थेतल्या टोकाच्या खुणा तिने अचूक निवडल्या आणि त्या एका देहात एकत्र बांधल्या. ही कविता आज जगाला माहीत आहे ती त्याने दहाव्या प्रकरणात उतरवून घेतली म्हणूनच. तिचा शेवट त्याने दिलेला नाही, म्हणून तो आपल्याकडेही नाही. परीक्षकाने कौतुकापोटी केलेले एक अवतरण केवढे मोठे काम करू शकते, ते इथे पाहावे.

आणि एका उदाहरणात तर शब्दच नाहीत. होमरच्या 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात ओडिसिअस मृतांच्या लोकात जातो, तिथे त्याला एजॅक्स हा योद्धा दिसतो. अकिलीस मेल्यावर त्याची शस्त्रे कुणाला द्यावीत यावर स्पर्धा झाली होती. निवाडा ओडिसिअसच्या बाजूने लागला आणि तो अपमान सहन न होऊन एजॅक्सने जीव दिला. आता ओडिसिअस त्याला विनवतो, ते बक्षीस मी जिंकलोच नसतो तर बरे झाले असते असे कबूल करतो. एजॅक्स एक शब्द बोलत नाही आणि अंधारात निघून जातो. लाँजायनस म्हणतो, हे मौन कुठल्याही भाषणापेक्षा उदात्त आहे. उदात्तता म्हणजे मोठ्या मनाचा प्रतिध्वनी, तो शब्दाविनाही उमटतो. तुमच्यासाठी मी यात एक गोष्ट जोडतो: हे मौन बक्षिसाच्या चुकलेल्या निकालातून आलेले आहे. मराठीतही असे लेखक होऊन गेले, जे निकालानंतर काही बोलले नाहीत आणि पुढे फारसे लिहिलेही नाही.

हा विचार परका आहे असेही कुणी म्हणू नये. दोषांचा वाद संस्कृत साहित्यशास्त्रात लाँजायनसची गंधवार्ताही नसताना स्वतंत्रपणे झाला. दंडी म्हणतो, काव्यातला लहानसा दोषही खपवून घेऊ नये, सुंदर देह कोडाच्या एका डागाने विद्रूप होतो. कालिदासाने 'कुमारसंभवा'च्या आरंभीच दुसरी बाजू मांडली आहे: 'एको हि दोषो गुणसन्निपाते निमज्जतीन्दोः किरणेष्विवाङ्कः', म्हणजे गुणांच्या गर्दीत एखादा दोष चंद्राच्या किरणांत त्याचा डाग बुडावा तसा बुडून जातो. मम्मटाने काव्याच्या व्याख्येत 'अदोषौ' (दोषरहित) हा शब्द घातला, तेव्हा विश्वनाथाने विचारले की असे म्हटले तर जगात काव्य उरेल तरी का, किड्याने भोक पाडलेले रत्न रत्नच राहते. मला सर्वांत मोलाचे वाटते ते आनंदवर्धनाच्या 'ध्वन्यालोका'तले वचन: 'अव्युत्पत्तिकृतो दोषः शक्त्या संव्रियते कवेः । यस्त्वशक्तिकृतस्तस्य स झटित्यवभासते ॥' अभ्यास कमी पडल्याने आलेला दोष कवीची शक्ती झाकून टाकते. शक्तीच कमी पडल्याने आलेला दोष मात्र झटकन दिसतो. परीक्षकाने दोष पाहावेत ते असे, कुठून आले ते ओळखून. आणि ज्ञानदेवांनी 'न्यून ते पुरतें, अधिक तें सरतें' करून घ्या अशी विनवणी केली, ती श्रोत्यांनाच केली होती.

एक आक्षेप मी स्वतःच घेतो. काळ आपोआप निवाडा करील, परीक्षकांनी कशाला चिंता करावी, असे म्हणता येईल का? नाही. काळाच्या हातात विवेक नसतो. सॅफो बहुतांशी नाहीशी झाली. बॅकिलिडीस शेकडो वर्षे हरवलेला होता, 1896 मध्ये इजिप्तहून आलेल्या पपायरसात, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदात, तो सापडला. हायपरिडीसची भाषणेही एकोणिसाव्या शतकात पपायरसांतून मिळाली आणि काही पाने अगदी 2002 मध्ये, ज्यात आर्किमिडीसचे लेखनही दडलेले होते त्या प्रार्थनापुस्तकाच्या खरडून पुसलेल्या चर्मपत्रावर ओळखू आली. खुद्द हा उदात्ततेचा ग्रंथ दहाव्या शतकातल्या एका हस्तलिखिताच्या आधारे टिकला, जे आज पॅरिसमध्ये आहे. त्याचाही सुमारे एक तृतीयांश भाग गळालेला आहे. लेखकाचे नाव एका ठिकाणी 'दिओनिसिओस लाँजायनस' आणि दुसऱ्या ठिकाणी 'दिओनिसिओस किंवा लाँजायनस' असे लिहिलेले आहे, म्हणजे तेही पक्के नाही. 1554 मध्ये तो स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे छापला गेला आणि 1674 मध्ये कवी-समीक्षक ब्वालोने फ्रेंचमध्ये आणला, तेव्हा कुठे युरोपाने तो खऱ्या अर्थाने वाचायला घेतला. एवढा उशीर, एवढी नासाडी! काळावर सोपवण्यासारखे हे काम नाही. ते तुमचे आहे.

आता मागण्या.

बेरजेचा तक्ता बाजूला ठेवा. त्याऐवजी प्रत्येक परीक्षकाने प्रत्येक पुस्तकाबद्दल दोनच गोष्टी लिहाव्यात: या पुस्तकात सर्वांत उंच जागा कोणती, पान क्रमांकासह, आणि ती उंची कशातून आली. ज्या पुस्तकात अशी जागा सापडत नाही, ते कितीही नीटस असले तरी अंतिम यादीत येऊ नये. दोष जरूर नोंदवा, पण ते शक्तीचे की अभ्यासाचे हे सांगा.

सरासरी काढू नका. एका परीक्षकाने एखाद्या पुस्तकासाठी जीव तोडून बाजू मांडली, तर बाकीच्यांनी ते पुस्तक पुन्हा वाचलेच पाहिजे, असा नियम करा. सातव्या प्रकरणात सांगितलेली कसोटी पुनर्वाचनाचीच आहे: जे पुन्हा पुन्हा तपासल्यावर उतरत जाते, एकदा ऐकण्यापुरतेच टिकते, ते खरे उदात्त नव्हे. त्यासाठी मुदत वाढवावी लागेल. आयोजकांकडे ती मागा, आणि नाही मिळाली तर काम नाकारा.

मंडळावर एकाच प्रकारची माणसे नकोत. त्याच प्रकरणात लाँजायनस म्हणतो की वेगवेगळे उद्योग, आयुष्ये, आवडी, वये आणि भाषा असलेली माणसे एकाच कृतीबद्दल एकच बोलू लागतात, तेव्हा एरवी न जुळणाऱ्या त्या परीक्षकांचा निवाडा भक्कम ठरतो. आपल्या मंडळांवर तीन प्राध्यापक असतात, किंवा दोन प्राध्यापक आणि एक माजी विजेता. तालुक्याच्या वाचनालयात तीस वर्षे पुस्तके देणारे ग्रंथपाल, वाचणारी परिचारिका, गोव्यातला किंवा बेळगावातला वाचक, बडोद्यात किंवा इंदूरमध्ये वाढलेली मराठी मुलगी, यांतले कुणी एक तरी बसवा.

आणि शेवटचे, जे लिहिताना मला जड जाते. उपलब्ध ग्रंथाच्या अखेरच्या, चव्वेचाळिसाव्या प्रकरणात एक तत्त्वज्ञ विचारतो, आमच्या काळात मोठे लेखन का होत नाही? स्वातंत्र्य गेले म्हणून का? लाँजायनस उत्तर देतो की पैशाचा आणि सुखाचा लोभ आपल्याला आधी गुलाम करतो. तिथे त्याने लाच घेतलेल्या न्यायाधीशाचे उदाहरण दिले आहे: एकदा विकला गेलेला माणूस न्याय्य आणि सुंदर काय याचा मोकळा निवाडा करूच शकत नाही, कारण त्याला आपल्या सोयीचे तेच सुंदर आणि न्याय्य दिसू लागते. तुमच्यापैकी कुणी पाकीट घेतो असे मला म्हणायचे नाही. पण आपल्या विद्यापीठाचा, आपल्या प्रकाशकाचा, आपल्या विचारांच्या गोटातला, ज्याने आपल्या पुस्तकावर लिहिले होते तो, उद्या आपल्याला बोलावील तो, अशी नाती मराठीच्या लहानशा जगात सर्वांनाच असतात. म्हणून वाचनाला बसण्यापूर्वी अशी नाती लेखी जाहीर करा आणि त्या पुस्तकापुरते बाजूला व्हा. ती यादी निकालासोबत छापा.

एखाद्या वर्षी उंच जागा असलेले एकही पुस्तक मिळाले नाही, तर पुरस्कार देऊ नका आणि तसे स्पष्ट लिहा. एखाद्या वर्षी दोन मिळाली, तर रक्कम विभागून द्या. पुढच्या हंगामाचे गठ्ठे तुमच्याकडे येण्याआधी आयोजकांबरोबर तुमची बैठक होईलच. हे पत्र त्या बैठकीत मोठ्याने वाचावे आणि यातले काय मान्य, काय अमान्य, हे वाचकांना कळवावे, ही विनंती.

आपला,
पुरस्कारांच्या याद्या पाहून पुस्तके विकत घेणारा एक वाचक